दार कोण उघडेल?

संशोधनाचा डेटा तपासणं हे माझं काम. अभ्यास संपला की संशोधक आपल्या फाइली आमच्या संग्रहाकडे देतात. त्या इतरांना खुल्या करण्याआधी मी तीन गोष्टी बघते: संमतीपत्रात काय कबूल केलंय, एथिक्स कमिटीनं, म्हणजे अभ्यासातल्या माणसांच्या हिताची काळजी घेणाऱ्या समितीनं, नेमकी कशाला मंजुरी दिलीय, आणि नाव काढल्यावरही माणूस ओळखू येतो का. बहुतेक वेळा दुपारपर्यंत काम उरकतं. त्या दिवशी आलेल्या फाइली घरात मारहाण सोसलेल्या बायकांच्या मुलाखतींच्या होत्या.

पाठोपाठ अभ्यासाच्या प्रमुख मॅडमचा फोन आला. लेख स्वीकारला गेला होता, फक्त डेटा जमा केल्याचा क्रमांक जर्नलला हवा होता आणि मुदत जवळ आली होती. "नावं, पत्ते, फोन नंबर, सगळं काढलंय. कमिटीची मंजुरीही आहे. तुम्ही फक्त चढवा."

मंजुरी होती हे खरं. पण कमिटी मंजुरी देते ती समोर ठेवलेल्या प्रस्तावाला, आणि त्यात जेवढं लिहिलंय तेवढ्यालाच. मी प्रस्ताव उघडला. माहिती चमूबाहेर कोणालाही दिली जाणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. संमतीपत्रात तेच साध्या भाषेत होतं: "तुम्ही सांगाल ते आमच्याशिवाय कोणालाही कळणार नाही." हे वाक्य वाचून दाखवल्यावर त्या बायकांनी तोंड उघडलं होतं. लेख छापायचा म्हणून ते मागे घेता येत नाही.

तरीही डेटा बघितला. वय, शिक्षण, व्यवसाय, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती, वस्तीचा क्रमांक, मुलाखतीची तारीख. एक ओळ अशी होती: वय ४१, शिक्षिका, चार मुलं, त्यात एक जुळं. त्या वस्तीत अशी बाई दुसरी असेल का? अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून तिथल्या ८७ टक्के लोकांची ओळख एकमेव ठरू शकते. १९९७ मध्ये त्यांनी 'निनावी' म्हणून दिलेल्या नोंदींतून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची वैद्यकीय माहिती हुडकून काढली होती.

पण इथला धोका याहून वेगळा होता, आणि तो माझ्या लक्षात यायला ती मुलाखतीची तारीख कारणीभूत ठरली. निनावीपणाच्या नेहमीच्या चाचण्या धरून चालतात की शोधणारा परका आहे, त्याला थोडंच माहीत आहे. या अभ्यासात शोधणारा नवरा असू शकतो. त्याला तिचं वय, तिची मुलं, कोणत्या दिवशी सर्वेक्षणवाल्या बाई घरी येऊन गेल्या, सगळं ठाऊक आहे. त्याला माहीत नाही ती एकच गोष्ट: ती काय बोलली. आणि फाइलीत नेमकं तेच होतं. मुलाखतींच्या लेखी प्रतींत तर नाव गाळूनही घडलेले प्रसंग जसेच्या तसे होते. कोणत्या भांडणात घड्याळाची काच फुटली हे घरातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मी मॅडमना हे सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हा डेटा कुलपात गेला तर उद्या दुसरं कोणीतरी दुसऱ्या बायकांना हेच सगळं पुन्हा सांगायला लावेल. तेही बरोबर आहे का?" प्रश्न खोटा नव्हता. आपलं बोलणं कुठेतरी उपयोगी पडावं म्हणूनच कितीतरी जणी बोलल्या होत्या, प्रतींमध्ये तसं लिहिलेलंही होतं. डेटा दडपून ठेवला की आपले हात स्वच्छ, असं मला कधीच वाटलेलं नाही.

मग सरळ मार्ग सुचतो तो पुन्हा संमती घ्यायचा. पत्र पाठवा, फोन करा, विचारा. इथे तोच सगळ्यात घातक ठरला असता. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये अशा संशोधनासाठी सुरक्षिततेच्या सूचना काढल्या: एका घरातल्या एकाच बाईशी बोलायचं, घरातल्या इतरांना खरा विषय कळू द्यायचा नाही, मध्येच कोणी आलं तर विषय बदलायचा. म्हणूनच असे अभ्यास 'स्त्रियांचं आरोग्य' अशा बेताच्या नावानं चालतात. त्या घरी "तुमच्या मुलाखतीबद्दल" असं पत्र गेलं तर आजवर पाळलेलं गुपित टपालानंच फुटलं.

प्रकरण कमिटीपुढे गेलं. संमतीशिवायच परवानगी द्यावी, असाही एक सूर निघाला. आरोग्य संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे, पण २०१६ च्या आवृत्तीत तिला तीन अटी आहेत: संमती घेणं व्यवहारात शक्य नसावं, संशोधनाला मोठं सामाजिक मोल असावं, आणि धोका अगदी किरकोळ असावा. तिसरीवर गाडी अडली. मग कमिटीतल्या एक सदस्य बोलल्या. त्या शास्त्रज्ञ नाहीत, सर्वसामान्यांच्या वतीनं बसतात. त्यांनी विचारलं, "विचारायला जाणार कोण, आणि दार कोण उघडेल?"

त्या एका प्रश्नावर निर्णय बेतला गेला. पत्र नाही, फोन नाही. अभ्यासाची दुसरी फेरी आधीच मंजूर होती. तेव्हा ओळखीच्याच मुलाखतकार बाईंनी, एकांतात, तोंडी विचारायचं, आणि कागद घरात ठेवायचा नाही. प्रश्नही वेगवेगळे: आकडेवारी इतर संशोधकांना दिली तर चालेल का? मुलाखत? की दोन्ही नको? प्रस्तावातली दुरुस्ती मंजूर झाली. तोवर आम्ही प्रश्नावली, मुलाखतकारांच्या प्रशिक्षणाची पुस्तिका आणि लहान आकडे एकत्र केलेले तक्ते खुले केले, आणि बाकीचा डेटा का बंद आहे ते नोंदवलं. जर्नलनं ते मान्य केलं. आता बऱ्याच जर्नलांच्या नियमांत अशा कारणांना जागा असते.

दुसऱ्या फेरीतली उत्तरं मी एका बैठकीत वाचली. बऱ्याच जणी आकड्यांना हो म्हणाल्या, गोष्टीला नाही. एकीनं विचारलं होतं, "माझं बोलणं वाचणारा माणूस कोण असेल?" आमच्या कागदात याचं उत्तरच नव्हतं, ते नंतर लिहावं लागलं. आणि एक बाई उलट चिडल्या होत्या. नवऱ्यापासून त्या केव्हाच वेगळ्या झाल्या होत्या. "माझं नाव का काढलं? मी काय चोरी केलीय?"

त्यांना आम्ही सहज हो म्हणू शकलो नाही. त्यांच्या बोलण्यात त्यांची मुलगी होती, नणंद होती, आणि त्या दोघींना कोणी विचारलं नव्हतं. शेवटी मुलाखतकार त्यांच्याबरोबर बसल्या, प्रत पुन्हा वाचली, आणि काय राहील, काय जाईल हे त्या बाईंनीच ठरवलं. नाव गेलं, पण नाइलाजानं. इतर काही ओळी, ज्या मी बेधडक गाळल्या असत्या, त्यांनी ठेवायला लावल्या.

ती प्रत आता नियंत्रित प्रवेशात आहे: अर्ज, करारावर सही, कमिटीची मंजुरी, आणि फाइल बाहेर नेता येत नाही. नुकताच पहिला अर्ज आला. मुलाखती कशासाठी हव्यात, या रकान्यात "संशोधनासाठी" एवढंच लिहिलं होतं. वाचणारा माणूस कोण, हा त्या बाईचा प्रश्न वर लिहून मी अर्ज परत पाठवला.