स्पितीच्या वाटेवर थारचा स्टिरिओ: दोन फेऱ्यांचा अनुभव

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातल्या काझा गावात सकाळी माझ्या महिंद्रा थारची चावी फिरवली आणि गाडीनं नुसतं 'टक' केलं. दिवे मंद, स्टार्टर हलायला तयार नाही. ही २०२२ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. रात्री दिवे सुरू राहिले नव्हते, दार उघडं नव्हतं, बॅटरी जेमतेम वर्षाची. शेजारच्या पिकअपवाल्यानं जम्पर लावून गाडी सुरू करून दिली. बॅटरी कशानं उतरली ते मात्र पुण्याला परतून डॅशबोर्ड उघडला तेव्हाच कळलं. स्टिरिओच्या पिवळ्या आणि लाल अशा दोन्ही वायरी एकत्र पिळून थेट बॅटरीच्या लाईनला जोडल्या होत्या, वर चिकटपट्टी. पिवळी कायम बारा व्होल्टवर हवी, ती मेमरीसाठी असते. लाल चावीच्या लाईनवर हवी. दोन्ही कायमच्या लाईनवर गेल्या की स्क्रीन काळी दिसते, पण आतला बोर्ड रात्रभर जागा राहतो. पुण्यात गाडी रोज चालत होती म्हणून जाणवलं नाही. काझात आदला पूर्ण दिवस गाडी उभी होती, त्यात थंडी.

माझी थार २०१६ ची, सॉफ्ट टॉप. कंपनीकडून स्टिरिओ नव्हता, डॅशबोर्डमधला दोन डिनचा (स्टिरिओच्या ठरावीक मापाचा) खण रिकामा आला होता. त्यात मी आधी नऊ इंची अँड्रॉइड प्लेअर बसवला. दुकानात तो फार देखणा दिसायचा. खण साधारण १८० बाय १०० मिलिमीटरचा, म्हणजे नऊ इंची काच त्यात मावत नाही. ती पुढे फ्रेमवर टांगलेली राहते. नाको सोडल्यावर ती थरथरायला लागली, ताबोला पोचेपर्यंत एका बाजूनं बोटभर पुढे आली होती. पुढचा सगळा प्रवास धाकट्या भावानं ती हातानं दाबून धरली.

त्याहून मोठा त्रास आवाजाचा. त्या प्लेअरला नॉब नव्हता, काचेवरच अधिक-उणेची चिन्हं. काझाहून मनालीकडे जाताना लागणाऱ्या ग्रांफू-बाताल रस्त्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये दगडांवरून डुलत असते, तेव्हा नेम धरलेल्या चिन्हावर बोट पडतच नाही. समोरून ट्रकचा हॉर्न ऐकू यावा म्हणून गाणं बंद करायचं, तर तीनदा प्रयत्न आणि तेवढा वेळ नजर रस्त्यावरून हटलेली. उजव्या हाताला दरी असताना हे चालणार नाही. त्यामुळे नव्या निवडीत माझी पहिली अट ठरली: फिरवायचा नॉब हवाच, तोही न बघता हाताला सापडेल असा. इंच किती ते नंतर.

२०२४ मध्ये पुन्हा गेलो ते सात इंची, खणातच बसणारा, डावीकडे नॉब असलेला स्टिरिओ घेऊन. अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनमधला नकाशा नि गाणी स्टिरिओच्या काचेवर दाखवायची सोय, केबलवरची. वायरलेस सोयीचं खरं, पण फोन तापतो आणि चार्जिंगसाठी केबल लावावी लागतेच. शिवाय नकाशा फोनमध्येच असल्यामुळे स्टिरिओला स्वतःची मोठी मेमरी लागत नाही. आधीचा प्लेअर प्रत्येक स्टार्टला व्होल्टेज पडलं की पहिल्यापासून सुरू व्हायचा. चढावर गाडी बंद पडून पुन्हा सुरू केली की कॅमेरा आणि नकाशा यायला अर्धा मिनिट. आता तसं होत नाही. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला गाडी तीन-चार वेळा बंद-चालू करून दाखवायला सांगा.

बसवताना मी दुकानात उभा राहिलो. स्टिरिओच्या पाठीला एक बोल्ट असतो, त्याला लोखंडी पट्टी लावून ती आत डॅशबोर्डच्या सांगाड्याला आवळायची असते. बहुतेक ठिकाणी ती पट्टी खोक्यातच राहते. "काका, मागची पट्टी लावा हो," म्हटल्यावर ते म्हणाले, "साहेब, कोणी लावत नाही, पुढचे चार स्क्रू पुरतात." शहरात पुरत असतील. मी आग्रह धरला, त्यांनी वीस मिनिटं जास्त घेऊन लावली आणि पट्टीखाली रबराचा तुकडाही टाकला. वायरी न पिळता कपलरनं, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लगनं, जोडून घेतल्या. जिथे कपलर नव्हता तिथे सोल्डर करून वर स्लीव्ह. वायरींचा झुबका खाली झोल देऊन बांधला. सॉफ्ट टॉपमधून पावसाचं पाणी वायरीवरून ओघळलं तर ते झोलावरून खाली ठिबकावं, स्टिरिओत शिरू नये.

निघण्याआधी पुण्याजवळच्या केळदच्या खराब रस्त्यावर एक दिवस गाडी हाणून आणली. खडखड असेल ती तिथेच ऐकू येते आणि दुकान फार लांब नसतं. ही चाचणी चुकवू नका.

या दुसऱ्या फेरीत शिमल्याकडून चढलो. नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, मग खाबला सतलज आणि स्पिती नद्यांचा संगम, नाको, ताबो, काझा. ताबोच्या मठाला दोन तास तरी द्या. ९९६ सालचा मठ, आतली भित्तिचित्रं डोळे अंधाराला सरावल्यावर हळूहळू दिसू लागतात. काझाला टाकी भरून घ्या, पुढे थेट मनालीपर्यंतचा हिशेब धरून. लोसर सोडल्यावर कोकसरपर्यंत फोनचं नेटवर्क गृहीत धरू नका. नकाशाचा सगळा पट्टा पिओलाच उतरवून ठेवा आणि फोन विमान मोडवर टाकून एकदा खात्री करा. भावानं दुसरं एक ऑफलाईन नकाशाचं ॲपही ठेवलं होतं, चंद्रताल तळ्याच्या फाट्यापाशी तेच कामाला आलं.

कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरवर. तिथे देवीच्या देवळाला गाड्या प्रदक्षिणा घालून पुढे जातात, आम्हीही घातली. वारा असा की हातमोजे काढवत नव्हते. आणि लोकरीच्या हातमोज्यांना ही काच दाद देत नाही. जुन्या दाबायच्या काचेवर मोजे चालायचे, पण ती बोटानं नकाशा मोठा-लहान करायला वाईट. इथेही नॉबच उपयोगी पडला. टचस्क्रीनवर चालणारे हातमोजे घेऊन गेलात तर बरं.

ऊन हा दुसरा मुद्दा. सॉफ्ट टॉपच्या मागच्या पारदर्शक खिडक्यांतून येणारं ऊन थेट काचेवर आपटतं आणि नकाशाच्या जागी स्वतःचाच चेहरा दिसतो. मॅट फिल्म लावल्यावर पुष्कळ फरक पडला. नारिंगी वायर पार्किंग दिव्यांना जोडून घेतली असेल तर रात्री स्क्रीन आपोआप मंद होते. ती बऱ्याचदा मोकळीच सोडलेली असते.

बातालच्या पुढचे नाले सकाळीच ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं. आम्ही लोसरला मुक्काम केला तो त्यासाठीच. छत्रूच्या अलीकडे समोरून ट्रक आला, शंभरेक मीटर मागे घ्यावं लागलं. मागचा कॅमेरा चिखलानं पूर्ण झाकलेला. भाऊ उतरून ओरडत होता, "दादा, डावीकडे घे, अजून, अजून, बस!" कॅमेरा स्टेपनीजवळ उंच लावा, फडकं दाराच्या खिशात ठेवा, आणि दरीच्या कडेला गाडी मागे घेताना खाली माणूस उभा करा.

आवाजाबद्दल थोडकंच. खोक्यावर चार गुणिले पन्नास वॅट लिहिलेलं असतं ते क्षणिक कमाल, सलग मिळतात ते विसाच्या आसपास. सॉफ्ट टॉपमध्ये सत्तरच्या वेगाला फडफडच जास्त ऐकू येते, महागडा ॲम्प्लिफायर वाया जाईल. स्पीकर मात्र पॉलीप्रॉपिलीनच्या पडद्याचे घ्या. कागदी पडदा आपल्याकडचा पावसाळा काढत नाही.

अटल बोगद्यातून मनालीला उतरल्यावर रात्री डॅशबोर्डची फ्रेम काढून बघितली. मागचा नट पाव आटासुद्धा सैल नव्हता. यूएसबीच्या तोंडात मात्र पिठासारखी धूळ भरली होती, केबल दोनदा सुटली होती ती त्यामुळेच. रबरी टोपी आणि आखूड, काटकोनी टोकाची केबल एवढं आता पुढच्या वेळी घ्यायचं आहे.