मिठाला पाणी सुटतं

फॉइल काइट म्हणजे फळीवरच्या माणसाला पाण्यावरून ओढत नेणारा मोठा कापडी पतंग. तो ओला झाला आणि वाळवायचा, तर आधी पुन्हा भिजवावा लागतो. नव्याने शिकणाऱ्याला हे पटत नाही. समुद्रातून ओढून आणला, वाळूवर पसरला, ऊन कडक आहे, तासाभरात वाळेल की! वाळतोही, हाताला खडखडीत लागतो. रात्री पिशवीतून काढावा तर परत दमट. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तोच प्रकार. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार कापडात बसून हवेतला ओलावा ओढत राहतात. साधं मीठसुद्धा आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळायला लागतं, आणि किनाऱ्यावरच्या रात्रीला तेवढी आर्द्रता म्हणजे काहीच नाही. म्हणून आधी गोड्या पाण्याने ते क्षार धुऊन काढायचे.

गोव्यात मोरजीला दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो. फार जोराचा नसतो, म्हणूनच इथे फॉइल आवडतो. त्याला पुढच्या कडेची फुगवलेली जाड नळी नसते. वरचं कापड, खालचं कापड, मध्ये उभे पडदे आणि समोर हवा शिरायला तोंडं, एवढाच संसार. डॉमिना जॅल्बर्ट यांनी १९६४ मध्ये ही रचना मांडली. पॅराग्लायडरही तिच्याच कुळातला. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेच्या समुद्रावर काइटची शर्यत पहिल्यांदा झाली, तीही फॉइलवरच. टीव्हीवर फार देखणी दिसली. नंतर ते कापड धुणारे हात मात्र कुणी दाखवले नाहीत.

वारा पडला की काइट पाण्यात, आणि हवेच्या तोंडांतून पाणी आत. बंद कप्प्यांच्या काइटला तोंडांशी आतून झडपा असतात, त्यामुळे तो बराच वेळ तरंगतो. पण एकदा शिरलेलं पाणीही त्या झडपा सहजी सोडत नाहीत. लिटरमागे एक किलो वजन धरा. असा भरलेला काइट मधोमध धरून खसकन उचलला, तर आतले पडदे शिवणीतून फाटतात. म्हणून एक टोक हळूहळू वर घ्यायचं, पाणी दुसऱ्या टोकाकडे उतरू द्यायचं आणि तिथली वेल्क्रोची फट उघडायची. आधी पाणी येतं, मग वाळू, मग शिंपल्यांचा चुरा. मागची कड बोटांनी चाचपली की वाळूची एक बारीक रेघ तरीही तिथे ठाण मांडून असतेच.

मी उतरतो त्या घरी विहीर आहे. "बादली भरण्याआधी चाखून बघ रे," काकी सांगतात. उन्हाळा वाढला की किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात, आणि मचूळ पाण्याने धुणं म्हणजे नुसती मेहनत. साबण लावायचा नाही, ब्रशने घासायचं नाही, वॉशिंग मशिनचं तर नावही काढायचं नाही. कापडावर एक लेप असतो. तो गेला की कापडातून हवा झिरपते आणि काइट मरगळतो.

वाळवायचा सावलीत. नायलॉनला कडक ऊन सोसत नाही. दोन माडांमध्ये दोरी बांधायची, पण नारळ उतरवून झालेले माड बघूनच! बाहेरून वाळला तरी आतले कप्पे ओलेच असतात, त्यासाठी ओसरीवर टेबलफॅन. फटीशी पंखा लावला की पहिला कप्पा फुगतो, मग पडद्यांतल्या भोकांतून हवा पुढे सरकते आणि ते रंगीत धूड कुशीवर वळल्यासारखं हलतं. काकींचं मांजर तेवढ्यात पसार होतं. काकी मात्र ढिम्म. "एवढ्या कापडात घरभर पडदे झाले असते," हे त्यांचं मत कायम आहे.

घाईत ओला गुंडाळला तर बुरशी येते, शिवाय गडद पट्ट्याचा रंग पांढऱ्यावर उतरतो. तो डाग पुढे काही केल्या जात नाही.

शेवटी राहतात त्या ब्रायडलच्या, म्हणजे काइटच्या खालच्या कापडाला जोडलेल्या, बारीक दोऱ्या. बहुतेक जण त्या विसरतात. मीठ आणि बारीक वाळू धाग्यांत शिरली की दोऱ्या ताठरतात, काही आखूडही होतात, आणि सगळ्या सारख्या आखूड होत नाहीत. मग बिचारा काइट एका बाजूला ओढतो आणि बोल वाऱ्याला लागतो. मी त्या बादलीत बुडवून ठेवतो, सावलीत मोकळ्या सोडतो आणि वाळल्यावर डावी-उजवीची जोडी खिळ्याला अडकवून ताणून बघतो. कुठली बोटभर कमी भरली, तर ती पुन्हा बादलीत.