मावशीचा जबडा, मावशीचा घोटा आणि सीट बेल्ट

तीन वर्षांपूर्वी गणपतीसाठी डोंबिवलीहून लांज्याला येत असताना, हातखंब्याच्या उतारावर एसटीला ओव्हरटेक करत समोरून आलेल्या टेम्पोने माझ्या मावसभावाच्या गाडीला उजव्या अंगाने धडक दिली आणि गाडी पुढे जाऊन कठड्यावर आदळली. पुढे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले होते, त्यांचे खरचटण्यावर निभावले. मागे, चालकाच्या पाठीशी बसलेल्या मावशीचा मात्र टेम्पोने आत दाबलेल्या दरवाजात उजवा घोटा चिरडला आणि कठड्याच्या आदळण्याने ती पुढच्या सीटवर फेकली जाऊन जबडा दोन ठिकाणी मोडला. तिने बेल्ट लावला नव्हता. मनात आणले असते तरी लावता आला नसता, कारण गाडी घेतली त्याच आठवड्यात हौसेने चढवलेल्या रेक्झिनच्या सीट कव्हराखाली मागची बकले गडप झालेली होती.

मी दिवाणी वकिली करतो, पण नात्यातला दावा आपण चालवू नये या मताचा आहे. म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला नुकसानभरपाईचा अर्ज रत्नागिरीतल्या एका ज्येष्ठ वकीलसाहेबांकडे सोपवला. टेम्पोच्या विमा कंपनीची लेखी कैफियत आली. तिच्यात अपेक्षेप्रमाणे दोन मुद्दे होते: मावसभाऊही वेगात होता, आणि अर्जदार स्वतः बेल्टविना बसली असल्याने ‘कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स’, म्हणजे नुकसानीत तिचा स्वतःचाही निष्काळजीपणा, धरून भरपाई कमी करावी.

पहिल्या मुद्द्यात फारसा दम नव्हता. दोन चालकांची चूक असेल, तर प्रवासी आपली संपूर्ण भरपाई त्यांपैकी कोणाकडूनही मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली खेनयेई प्रकरणात स्पष्ट केले आहे. आपापसांतला हिशेब त्यांनी नंतर करावा.

दुसरा मुद्दा वाचून घरात खलबते सुरू झाली. काका म्हणाले, बेल्ट लावला होता असे सांगून टाकू, बघायला कोण होते? या सल्ल्यात वाईट हेतू नव्हता. बेल्ट म्हणजे पोलिसाला दाखवायची वस्तू, हीच आपल्याकडची समजूत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातल्या अपघातात मागच्या सीटवर बसलेले सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागच्या बेल्टची चर्चा काही दिवस झाली आणि विरली. वास्तविक केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १३८ नुसार पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरही बेल्ट बंधनकारक आहे. गंमत अशी की मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब खालचा १००० रुपये दंड, प्रवाशाने बेल्ट लावला नसला तरी, गाडी चालवणाऱ्याला होतो. भरपाईत कपात झाली तर ती मात्र प्रवाशाच्या पदरातून जाते.

वकीलसाहेबांनी काकांना बसवून घेतले आणि इंग्लंडमधला एक जुना निकाल सांगितला. फ्रूम विरुद्ध बुचर या खटल्यात १९७५ साली तिथले न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी म्हटले की अपघात कशामुळे झाला हा प्रश्न वेगळा आणि इजा कशामुळे झाली हा वेगळा. बेल्ट न लावल्याने टेम्पो अंगावर येत नाही, पण जबडा मोडू शकतो. बेल्टने इजा पूर्णपणे टळली असती तर २५ टक्के, बरीच कमी झाली असती तर १५ टक्के आणि काहीच फरक पडला नसता तर शून्य, अशी कपातीची मोजपट्टी त्यांनी घालून दिली. बेल्टविना बसलेले दावेदार फ्रूम यांच्या डोक्याला व छातीला मार लागला होता आणि एक बोटही मोडले होते. बोट बेल्ट लावूनही मोडलेच असते, म्हणून कपात २० टक्क्यांवर आली.

हा निकाल आपल्या न्यायाधिकरणावर बंधनकारक नाही. पण २०२० साली मोहम्मद सिद्दीक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही त्याच दिशेचा विचार मांडला. मोटारसायकलवर तिघे बसले होते एवढ्यावरून उच्च न्यायालयाने केलेली १० टक्के कपात त्याने रद्द केली: नियम मोडला एवढे पुरेसे नाही, त्यामुळे अपघाताला किंवा अपघाताच्या आघाताला हातभार लागला हे सिद्ध झाले पाहिजे. आणि ते सिद्ध करण्याचा भार, अर्थातच, कपात मागणाऱ्यावर.

“म्हणजे खोटे बोलून मिळवायचे काय?” वकीलसाहेब काकांना म्हणाले. “उद्या उलटतपासणीत कव्हराचा फोटो पुढे आला, तर जबडाही गेला आणि घोट्याबद्दलच्या साक्षीवरचा विश्वासही गेला.”

मावशीने साक्षीत खरे सांगितले. कंपनीच्या वकिलांनी विचारले, बेल्ट का लावला नाही? ती म्हणाली, “कव्हराखाली होता, आम्ही कोणी काढलाच नाही.” नंतर अस्थिरोगतज्ज्ञांनी घोटा दरवाजाच्या दाबाने चिरडल्याचे सांगितले, जबड्याविषयी मात्र, बेल्ट असता तर तो बहुधा वाचला असता, असे त्यांना कबूल करावे लागले. माझ्या मते तिथेच दावा योग्य जागी आला. प्लेट, स्क्रू, दोन शस्त्रक्रिया आणि आजही जिना उतरताना धरावा लागणारा कठडा, हा मोठा खर्च घोट्याचाच होता आणि त्याला बेल्टचा वाद शिवत नव्हता.

पुढे लोकअदालतीत तडजोड झाली. कंपनीने मागणीपेक्षा कमी, पण तिच्या पहिल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त रक्कम मान्य केली. बेल्टपायी नेमके किती सोडले, हे पुरसिसमध्ये, म्हणजे तडजोडीच्या लेखी निवेदनात, कुठेच लिहिलेले नाही. त्या पुरसिसमध्ये एक ठोक आकडा आहे आणि खाली मावशीची सही.