मोटर पाणी ओढत नाही

आमच्या अमळनेर भागात एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात आणि जिकडेतिकडे एकच तक्रार सुरू होते: ‘मोटर फिरस, पन पानी येत नही.’ त्यावर गावात ठरलेला उपाय म्हणजे पाच हॉर्सपॉवरची मोटर काढून साडेसातची बसवायची. आमच्या आप्पांनीही ती तयारी केली होती. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून हट्टाने मध्ये पडलो. पाणी चाळीस फूट खाली गेल्यावर काठावरच्या मोटरीला साडेसातच काय, पन्नास हॉर्सपॉवर असली तरी उपयोग नाही.

पंप पाणी ओढतच नाही. तो सक्शन पाइपातला, म्हणजे विहिरीतून पंपापर्यंत येणाऱ्या पाइपातला, दाब तेवढा कमी करतो. पाण्याला वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर दाबून बसलेली हवा. आणि या हवेची ताकद मोजून ठेवलेली आहे: दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो भार.

आता एक चौरस सेंटीमीटर तोंडाचा पाइप धरा. त्यात दहा मीटर उंच पाणी उभं केलं, तर ते हजार घन सेंटीमीटर, म्हणजे एक लिटर. वजन एक किलो. हवेचा भार आणि पाण्याचा भार सारखा झाला, पाणी थांबलं! नेमकी मर्यादा १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट. पाइप जाड घेतला तर? पाणी वाढतं, पण हवा दाबते ते तोंडही तेवढंच वाढतं. उंची तीच राहते. पंपांची ही अडचण गॅलिलिओने १६३८ साली लिहून ठेवली होती. त्याच्या शिष्याने, टॉरिचेलीने, पुढे पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून तो ७६ सेंटीमीटरवरच थांबतो.

नववीच्या मुलांना मी हे आप्पांच्या विहिरीवरच दाखवलं. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी पाण्याने काठोकाठ भरली, वरचं तोंड घट्ट बंद केलं, खालचं पाण्यात बुडवून उघडलं. नळीतलं पाणी सरसर उतरलं आणि ३२ फुटांच्या आसपास अडलं. त्याच्या वर बारीक बुडबुडे सुटत होते, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत होती. दोन फूट कमी का? एक तर आपण समुद्रसपाटीपेक्षा उंचावर. शिवाय वरच्या मोकळ्या जागेत पाण्याची वाफ साठते आणि तीही थोडी खाली दाबते.

प्रत्यक्षात घर्षण वगैरे धरून २२-२५ फुटांपलीकडे काठावरच्या पंपाचा भरवसा धरू नये. मोटर विहिरीत टप्पा करून खाली उतरवा. पाणी खालून वर ढकलायला ही मर्यादा लागू नाही, म्हणून तर सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवलेली मोटर, शेकडो फुटांवरून पाणी देते. आणि पाणी उथळ असूनही येत नसेल, तर आधी फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप) आणि सक्शनचे जोड तपासा. सुईएवढ्या भोकातूनही पंप हवा धरतो.