पुणे ते महाबळेश्वर ई-स्कूटरवर: पसरणी घाटात पॉवर पडली तर

गाडी साधीच. मागच्या चाकात मोटर, सीटखाली १४ सेल-गटांची ३ युनिटची लिथियम बॅटरी, सोबत ५८.८ व्होल्ट, १२ अँपियरचा चार्जर. डबल सीट आणि दोन सॅक, म्हणजे गाडी, माणसं, सामान मिळून २५० किलो. कात्रज, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई असा रस्ता. ताशी ४० च्या वेगाने सपाटीवर एका युनिटला ३३ किलोमीटर पडतात. खंबाटकीचा चढ धरून वाईपर्यंत अडीच युनिटांच्या आसपास खर्च झाला आणि मीटरवर १८ टक्के उरले.

वाईत दीड तास चार्जिंग करून ५१ टक्क्यांवर निघालो, ही पहिली चूक. वाई ते पाचगणी अंतर जेमतेम १२-१३ किलोमीटर असलं, तरी चढ सुमारे ६०० मीटरचा आहे. २५० किलो वजन तेवढं वर न्यायलाच ०.४ युनिट लागतं. मोटरमधला तोटा आणि टायरचं घर्षण धरलं की ०.७, म्हणजे तेवढ्याच सपाट अंतराच्या दुप्पट. हिशेबाने ५१ टक्के पुरायला हवेत, आणि पुरतातही. पण घाटात प्रश्न किती युनिट उरले एवढाच नसतो. बॅटरी भरलेली असेल तर व्होल्टेज वर असतं आणि चढावर ते पडलं तरी कंट्रोलरच्या (मोटरला किती करंट सोडायचा ते ठरवणाऱ्या पेटीच्या) खालच्या मर्यादेपर्यंत पोचत नाही. म्हणून वाईतून ७० टक्क्यांच्या खाली निघू नये. त्यासाठी महागणपतीचं दर्शन आणि जेवण मिळून अडीच तास सहज जातात. चार्जरला १६ अँपियरचा, अर्थिंग असलेला सॉकेट मागावा आणि दहा मिनिटांनी पिनेला हात लावून पाहावा. पिन तापली असेल तर सॉकेट ढिला आहे, दुसरा शोधावा.

घाटात निम्म्याच्या पुढे, ३६ टक्के दाखवत असताना, गाडीने दम टाकला. मीटर चालू, दिवे चालू, पण ॲक्सिलरेटर पूर्ण पिळूनही वेग ताशी १५ च्या वर जाईना. दोन मिनिटं उभी केली की तीनशे मीटर झकास पळायची, मग पुन्हा तेच. इथे घाईने बॅटरीला दोष देऊ नये, आधी लक्षणं बघावीत. मीटरसकट सगळं काळं झालं तर बीएमएसने (बॅटरीच्या आतल्या राखणदार सर्किटने) कटऑफ मारलाय, एमसीबी (सीटखालचा मुख्य स्विच) पडलाय किंवा मुख्य कनेक्टर सुटलाय. मीटर चालू, मोटर पूर्ण बंद आणि ब्रेक लाइट पेटलेला असेल तर ब्रेक लिव्हरचा स्विच अडकलाय. लिव्हर दोनदा दाबून सोडला की बहुतेकदा सुटतो. मीटर चालू आणि मोटर नुसतीच मरगळलेली असेल, तर कंट्रोलर मुद्दाम करंट कमी करतोय. त्याला व्होल्टेज कमी दिसतंय किंवा काहीतरी तापलंय.

उभ्या गाडीवर मोजून काही कळत नाही. तेव्हा बॅटरी ५०.२ व्होल्ट दाखवत होती, अगदी ठणठणीत. खरं चित्र लोडवरच दिसतं. म्हणून साध्या मल्टिमीटरला लांब वायरी जोडून त्या कंट्रोलरच्या प्लस-मायनसवर घट्ट लावल्या, उघडी टोकं टेपने झाकली, मीटर २०० व्होल्ट डीसीवर ठेवून हँडलला टेपने बांधला. मागे बसलेल्याच्या फोनवर बीएमएसचं ब्लूटूथ ॲप. चढावर ६० अँपियर खेचताना ॲपवर ४६.१ आणि मल्टिमीटरवर ४३.७. हा कंट्रोलर ४४ च्या खाली करंट कापतो. म्हणजे बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामध्ये कुठेतरी २.४ व्होल्ट गायब होत होते. ६० अँपियरला त्याचा अर्थ १४४ वॉट उष्णता, तीही बहुधा एकाच सांध्यावर!

ॲपवर प्रत्येक गटाचं व्होल्टेजही पाहावं. तेरा गट ३.३ ला आणि एकच २.९ ला घसरत असेल, तर तो गट म्हातारा झालाय. बीएमएस सगळ्यात कमजोर गट बघूनच बंद करतो. अशा बॅटरीला वारंवार बंद-चालू करून चढवू नये, तो गट कायमचा जातो. इथे मात्र सगळे गट बरोबरीने उतरत होते.

सीट काढल्यावर एमसीबीच्या मायनसचा लग (वायरीच्या टोकाला दाबलेली तांब्याची कडी) निळसर-काळा पडलेला, त्यावरची प्लॅस्टिकची स्लीव्ह आक्रसलेली. चावी बंद, एमसीबी खाली, बॅटरीचा कनेक्टर काढलेला, हातातली अंगठी खिशात. मगच १० नंबरचा पाना. कारण बघून हसावं की रडावं कळेना. आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये कुणीतरी वॉशर लग आणि टर्मिनलच्या मध्ये बसवला होता. करंट तांब्यातून थेट जायच्या ऐवजी लोखंडी वॉशरमधून जात होता. क्रम असा हवा: टर्मिनल, त्यावर थेट लग, मग साधा वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग बोल्ट. लग पॉलिश पेपरने घासून तसा बसवला आणि पुढच्या चढावर ॲप ४६.०, मल्टिमीटर ४५.८. पूर्ण वायरिंगवर ०.२ व्होल्ट, हे चालतं. अर्थात काळा पडलेला लग मुक्कामावर पोचेपर्यंतच वापरावा. नंतर १६ चौरस मिलिमीटर वायरचा नवा लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्यावा. नुसतं सोल्डर केलेला सांधा तापला की ढिला होतो.

मल्टिमीटर, पाना असं काही जवळ नसेल तर एकच उपाय: वेग कमी करणे. त्या चढावर ताशी ४५ ला साधारण ६५ अँपियर लागतात, ३० ला ३८. बहुतेक गाड्या तेवढ्यावर निमूट वर येतात.

पाचगणी ते महाबळेश्वर किरकोळ चढउतार, त्रास नाही. तिथे पोचल्या पोचल्या चार्जर लावू नये; बॅटरी हाताला कोमट लागेपर्यंत थांबावं.

परतीला उलटं गणित. महाबळेश्वरहून १०० टक्के भरून निघालं तर भरलेली बॅटरी रिजनचा (उतारावर मोटरच वेग रोखून बॅटरीत परत पाठवते तो) करंट घेत नाही, आणि पसरणी घाटाचा सगळा भार ब्रेकवर येतो. ८५-९० टक्क्यांवर चार्जर काढावा, उरलेलं वाईत भरावं. सुरूर फाट्यावर दोन मिनिटं थांबून, एमसीबी पाडून, लगच्या स्लीव्हला हात लावावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.