पिवळ्या चौकटीत उघडं पडलेलं वर्तुळ

मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या कामातला सगळ्यात धावपळीचा काळ. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत दहावीची पुस्तकं अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत पोचलीच पाहिजेत. मी नारायण पेठेत अक्षरजुळणी करते. गणिताची पुस्तकं बहुतेक माझ्याच टेबलावर येतात, कारण मी ती लाटेक या अक्षरजुळणीच्या संगणक-प्रणालीत लावते आणि आकृत्या माऊसने न ओढता टिक्झ या तिच्या चित्रं काढायच्या साधनात कोड लिहून काढते. बिंदूचे निर्देशक दिले की रेघ बरोबर त्या बिंदूतूनच जाते, डोळ्यांच्या अंदाजावर काही राहत नाही. भूमितीसाठी मला दुसरं काही पटतच नाही.

त्या दिवशी भूमितीच्या एका पुस्तकाचं शेवटचं प्रूफ होतं. मजकूर जुन्या आवृत्तीचा, आकृत्याही जुन्याच, कुणीतरी पूर्वी टिक्झमध्येच केलेल्या. नवीन एवढंच की सोडवलेली उदाहरणं फिक्या पिवळ्या चौकटीत हवी होती. चौकटी टाकून मी रंगीत प्रिंट काढली, आणि महत्त्वमापनाच्या प्रकरणाशी आल्यावर हातच थांबला. जवळजवळ प्रत्येक आकृतीभोवती पांढरी ठिगळं होती. कुठे आयत, कुठे अर्धवट कंस, कुठे नुसताच कोपरा.

कोड उघडल्यावर कारण लगेच दिसलं. १४ सेंमी बाजूचा चौरस, समोरासमोरचे दोन शिरोबिंदू केंद्र धरून १४ सेंमी त्रिज्येचे कंस, आणि मधला झाडाच्या पानाच्या आकाराचा भाग रेखांकित. दहावीच्या मुलांच्या ओळखीचं उदाहरण. आधीच्या माणसाने कंस काढायच्या ऐवजी पुरी वर्तुळं काढली होती, चौरसभर तिरप्या रेघा मारल्या होत्या आणि नको तो भाग पांढऱ्या रंगाने झाकून टाकला होता. पांढऱ्या कागदावर ते खपून गेलं. पिवळ्या चौकटीत सगळं उघडं पडलं.

आणखी एक कोडं तिथेच सुटलं. या आकृत्यांभोवती एवढी मोकळी जागा का सुटते, ते मला आदल्या दिवसापासून कळत नव्हतं. टिक्झ आकृतीचा आकार मोजताना जे जे काढलंय ते सगळं धरतं, वरून पांढरं फासलंय की नाही हे त्याला ठाऊक नसतं. चौरस १४ चा, पण वर्तुळाचा व्यास २८. म्हणजे चौरसाच्या कितीतरी बाहेरची जागा न दिसणाऱ्या वर्तुळांनी अडवलेली.

प्रकाशकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, चौकटी काढून टाका आणि पूर्वीसारखंच जाऊ द्या. प्लेटा संध्याकाळी करायच्यात." त्यांचंही चूक नव्हतं, छापखान्याची वेळ ठरलेली होती. पण लेखक समोरच बसले होते, निवृत्त मुख्याध्यापक, प्रूफ तपासायला कोथरूडहून मुद्दाम आलेले. त्यांनी प्रिंट हातात घेतली, खिशातलं भिंग काढलं आणि एवढंच म्हणाले, "दुपारपर्यंत होईल तेवढं बघा."

मी एकेक आकृती नव्याने लिहायला घेतली. झाकायच्या ऐवजी कापायचं. टिक्झमध्ये क्लिप ही आज्ञा देऊन एक बंद मार्ग दिला की त्यानंतरचं सगळं त्या मार्गाच्या आतच उमटतं, बाहेरचं मुळात उमटतच नाही. आकृतीच्या मापातही ते धरलं जात नाही. मात्र क्लिप नेहमी स्कोपमध्ये, म्हणजे आज्ञेचा परिणाम जिथपुरताच राहतो अशा कोडच्या कप्प्यात ठेवायची. नाहीतर पुढची अख्खी आकृती, शिरोबिंदूंच्या ए, बी, सी, डी या अक्षरांसकट कापली जाते.

पानाच्या आकारासाठी दोन क्लिप एकापाठोपाठ दिल्या. पहिली ए केंद्र धरून पाव वर्तुळाची, दुसरी सी केंद्र धरून. दुसरी क्लिप पहिलीला पुसत नाही, दोन्हींत सामाईक असलेला भागच शिल्लक राहतो. ही गोष्ट मला अजूनही मनापासून आवडते. मुलं वहीत दोन पाव वर्तुळांतून चौरस वजा करतात, १५४ अधिक १५४ वजा १९६ बरोबर ११२ चौसेंमी, त्यातला सामाईक भाग त्या दोन ओळींत जसाच्या तसा लिहिलेला असतो. पांढरा रंग फासून आलेलं पान दिसायला तसंच, पण त्याच्या कोडमध्ये भूमिती कुठेच नसते.

आतल्या तिरप्या रेघांसाठी तयार पॅटर्न वापरला नाही. आकृती लहान केली तरी त्या पॅटर्नमधलं अंतर आणि जाडी तेवढीच राहते. त्यापेक्षा फॉरइच ही तीच कृती पुन्हा पुन्हा करणारी आज्ञा लावून ठरावीक अंतरावर स्वतःच रेघा मारल्या आणि क्लिपने त्या कडेला नेमक्या तोडल्या.

नवी प्रिंट सरांपुढे ठेवली. भिंग बराच वेळ एकाच जागी फिरत राहिलं. "हा कंस चौरसाच्या बाजूपेक्षा बारीक दिसतो का हो?" दिसत होता, आणि तो नुसत्या डोळ्यांना कळणारा फरक नव्हे. कंस स्कोपच्या आत काढला होता. मार्गावर मारलेली रेघ निम्मी आत आणि निम्मी बाहेर पडते, बाहेरची निम्मी क्लिपने खाल्ली. ०.४ पॉइंटची रेघ ०.२ ची झाली. म्हणून आधी फक्त रेघोट्या कापायच्या, स्कोप बंद करायचा आणि मग कंस, बाजू, अक्षरं वरून काढायची. सगळ्या आकृत्यांत तो क्रम लावून घेतला.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी १९७७ साली स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं पाहिली, ती पसंत पडली नाहीत आणि त्यातून पुढे टेक, म्हणजे लाटेकचा पाया असलेली प्रणाली उभी राहिली. सरांच्या हातातलं भिंग पाहताना मला तेच आठवत होतं. प्रूफ इतकं बारकाईने पाहणारा लेखक मिळाला की कामाला जोर येतो.

पुढच्याच उदाहरणात उलटा भाग हवा होता, पान सोडून चौरसाचा उरलेला. इथे दोन पाव वर्तुळं एकाच मार्गात लिहिली. नेहमीच्या नियमाने दोन्ही मिळून पुरा चौरस भरतो, कारण दोघांनी मिळून कोपरान् कोपरा व्यापलेला असतो. पण स्कोपला इव्हन ऑड रूल, म्हणजे सम-विषम नियम हा पर्याय दिला की जो भाग दोनदा व्यापला गेलाय तो गळतो. पान गळलं, उरला ८४ चौसेंमीचा भाग. एका पर्यायाने १९६ चं ८४ झालेलं पाहून सर खुर्चीतून उठून स्क्रीनपाशी आले. "पुन्हा दाखवा." मी पर्याय काढला, चौरस भरला. परत टाकला, पान मोकळं.

"ही दोन्ही चित्रं शेजारी शेजारी बसतील का?" त्यांनी विचारलं. परीक्षेत मुलं अचूक क्षेत्रफळ काढतात पण चुकीच्या भागाचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं पेपर तपासताना पाहिलेलं. न दिसणाऱ्या वर्तुळांनी अडवलेली जागा मोकळी झाल्यामुळे पुस्तकाच्या पृष्ठावर आता जागा होतीच. त्यांनी तिथल्या तिथे पेन्सिलने नवा उपप्रश्न लिहून दिला: दोन्ही रेखांकित भागांची बेरीज किती, आणि का? मी तो टाइप केला, पृष्ठांक तपासले आणि फाइल धायरीच्या छापखान्याला पाठवली. पिवळ्या चौकटी तशाच राहिल्या.