आधी मुरूम लागू द्या

दारव्ह्याच्या बाजारात भेटलेला माणूस असो की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला, मला हा प्रश्न हमखास येतो: "घरच्या शेडात गाडी उचलायची लिफ्ट बसवायची आहे. दोन खांबांची घेऊ की चार खांबांची?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो. लिफ्टचं सांगतोच, पण त्याआधी तुम्ही मला एक सांगा. शेडखाली माती कोणती आहे?

आमचं गाव भर कन्हारात. ही काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एका मे महिन्यात मी अंगणात गाडी खोलून बसलो होतो. हातातला १० नंबरचा पाना निसटला, भेगेत गेला. कोपरापर्यंत हात घातला तरी लागला नाही. तो पाना आजही तिथेच आहे. अशा जमिनीवर चार इंची कोबा टाकून त्यात लिफ्टचे खांब बोल्टने आवळणारे लोक मी पाहिलेत, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो.

दोन खांबांच्या लिफ्टचा सगळा जीव त्या बोल्टांत असतो. गाडीचं वजन काही नेमकं खांबांच्या रेषेत बसत नाही, इंजिन पुढे असतं. दीड-दोन टनांच्या गाडीचा तोल नुसता फूटभर पुढे सरकला, तरी दोन्ही खांब पुढे झुकू पाहतात आणि त्यांचे मागचे बोल्ट जमिनीतून उपटायला लागतात. खालचा कोबा फुगून उचलला गेलेला असेल किंवा खालून पोकळ झाला असेल, तर त्या बोल्टांनी धरायचं कशाला?

मी मिस्त्रीला जागा दाखवली तेव्हा तो म्हणाला होता, "भाऊ, तुमच्या घराची भित दरसाल तडकते, अन् तुमी इथंच बोल्ट ठोकता?" त्याचं ऐकलं म्हणून निभावलं. साडेतीन फूट खोदल्यावर मुरूम, म्हणजे न फुगणारा खडकाळ थर, लागला. तेवढी सगळी काळी माती बाहेर काढली. मग बाहेरून मुरूम आणला आणि थरावर थर, पाणी मारून, धुम्मस करून भरला. वर आठ इंच जाडीचं, दोन जाळ्या सळईचं एम २५ प्रतीचं काँक्रीट, शेडच्या भिंतींपासून सुटं. बहुतेक कंपन्या चार ते सहा इंच पुरेसे म्हणतात, पण ते चांगल्या जमिनीवर. गोणपाट अंथरून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं आणि २८ दिवस ड्रिलला हात लावला नाही. घरचे कंटाळले, गाडीवालेही कंटाळले. लिफ्टच्या खर्चात हा खर्च धरा. तो परवडत नसेल तर लिफ्ट पुढच्या वर्षी घ्या.

आता शेडची उंची. बोलेरो १.८८ मीटर उंच आहे. लिफ्ट तिला १.८५ मीटर वर नेते. बेरीज ३.७३ मीटर, म्हणजे सव्वाबारा फूट. आपल्याकडे शेडचा पत्रा एका बाजूला उतरता असतो, म्हणून माप उतरत्या बाजूचंच घ्या. दोन खांबांच्या लिफ्टमध्ये दोन तऱ्हा आहेत. एकीत खांबांना जोडणारा आडवा पट्टा वरून जातो. जमीन मोकळी राहते, पण शेड आणखी उंच लागतं आणि उंच गाडीचं टप त्या पट्ट्यापाशी अडतं. दुसरीत तारा आणि पाइप जमिनीवरच्या पत्र्याखालून जातात. ट्रॉली ओढताना तो पत्रा आड येतो खरा, पण मी हीच घेतली. ४ टनांची. घरच्या जीपला, बोलेरोला, भावाच्या पिकअपला पुरते. लहान गाड्यांना वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते, तेव्हा लिफ्टचे हात दाराच्या उंबऱ्याखालच्या जॅकच्या ठरलेल्या जागेपर्यंत पोचतात का, ते घेण्याआधी आपली गाडी नेऊन बघा.

वीज. थ्री फेज मोटर घेऊ नका. शेताच्या फिडरवर ती ठरावीक तासच येते आणि ते कनेक्शन गॅरेजसाठी नाहीच. सिंगल फेजची तीन एचपीची मोटर घ्या, तिला मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी द्या. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा व्होल्टमीटर लावून बघा. तेवढ्यावर मोटर घुरघुरत राहिली तर जळेल.

आणि लॉक. लिफ्ट चढताना दोन्ही खांबांत टक, टक वाजतं, ते लॉकचे दात. हवी ती उंची आली की गाडी जरा खाली सोडून दोन्ही लॉकवर टेकवायची. मग वजन दाबाच्या तेलावर नाही, लोखंडावर राहतं. त्याशिवाय खाली जायचं नाही. लिफ्ट येण्यापूर्वी माझी जीप फळीवरच्या जॅकवरून घसरली होती. रात्री पाऊस झाला होता, फळी एका बाजूने रुतली. पुतण्या तिच्या खालून पाणी प्यायला उठला त्यालाच पाच मिनिटं झाली होती. तेव्हापासून कुणालाही घोडीशिवाय (गाडीखाली लावायच्या लोखंडी टेकूशिवाय), लॉकशिवाय गाडीखाली जाऊ देत नाही.

विकणारा एक गोष्ट सहसा सांगत नाही. लॉकवरची गाडी उतरवायला आधी बोटभर वर उचलावी लागते, आणि त्याला वीज लागते. लाइन गेली की गाडी तिथेच. म्हणून हाताने तेल दाबून गाडी उचलायच्या पंपाची सोय आहे का, ते विकत घेतानाच विचारा.

फक्त एकाखाली एक दोन गाड्या उभ्या करायच्या असतील तर चार खांबांची बरी. तिचं वजन चार पायांवर सरळ उतरतं, बोल्टांवर तेवढा ताण नसतो. चाकं काढायची तर मात्र तिला वेगळा जॅक लागतो. खड्डा खणायचा विचार सोडा. कन्हारात तो पावसाळाभर पाण्याने भरतो आणि कोरडा असला तरी पेट्रोलची वाफ तळाशी साचून राहते.

जागा बघायला मी येईन. मे महिन्यात बोलवा, तेव्हा भेगा नीट दिसतात. सब्बल आणि फावडं तेवढं तयार ठेवा. मुरूम किती खोल आहे ते आधी बघू, मग दुकानात जाऊ.